पस्तीस की पन्नास

भाचीचा फोन आला तेव्हा मी एका माणसाचे कान मोकळे करण्यात गुंतले होते. सुट्टी संपवून मस्कतला परत निघालेला, मानेपर्यंत केस वाढवलेला तरुण. व्हिसाच्या फोटोत दोन्ही कान दिसले पाहिजेत, नाहीतर फोटो परत येतो. ते त्याला पटत नव्हतं आणि केस मागे राहत नव्हते.

"मावशी, कामात आहेस का?"

"कानात आहे. बोल."

सायली माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी, पुण्याला नोकरी करते. तिने नुकताच डिजिटल कॅमेरा घेतलाय, आणि त्याच्याबरोबर आलेल्या लेन्सवरून तिचं आठ दिवसांतच मन उडालंय. आता तिला प्राइम लेन्स हवी आहे. पस्तीस एमएमची घ्यावी की पन्नासची, एवढंच ठरायचं बाकी आहे. इंटरनेटवर अर्धे लोक एक सांगतात, अर्धे दुसरी, आणि मग आपापसात भांडत बसतात.

"तू पहिली कुठली घेतलीस?"

"पन्नास."

"मग पन्नास घेऊन टाकू?"

"थांब जरा. सवडीने सांगते," म्हणून मी फोन ठेवला. त्याला आता चार दिवस झाले. साधा प्रश्न आहे, एका शब्दात उत्तर देता येईल. पण तो शब्द तोंडावर आला की त्याच्यामागोमाग चार वर्षांपूर्वीचा एक अख्खा मे महिना येतो.

मे हा आमच्या स्टुडिओचा खरा हंगाम. एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत वडिलांनी थाटलेलं हे दुकान. आता पाटीवर तेवढं त्यांचं नाव आहे, आत मी. एप्रिल संपता संपता आखातातली आणि मुंबईची माणसं सुट्टीवर घरी येतात. पावसाच्या आत लग्नं उरकायची असतात, पासपोर्ट नवे करायचे असतात. गल्लीच्या तोंडाशी आंब्याच्या पेट्या टेम्पोत चढत असतात आणि पेंढ्याचा, पिकत्या हापूसचा वास पंख्याच्या वाऱ्याबरोबर माझ्या पांढऱ्या पडद्यापर्यंत येतो. घाम तर इतका, की गिऱ्हाइकाला खुर्चीवर बसवलं की आधी तोंड पुसायला रुमाल द्यावा लागतो. आमच्याकडे या कामासाठी वेगळा रुमालांचा गठ्ठा आहे. पासपोर्ट फोटोत कोकणातला माणूस कोरडा दिसतो, तो या गठ्ठ्यामुळे.

त्या वर्षीचा मे मला जसा आठवतो तसा दुसरा कुठलाच नाही. आणि गंमत म्हणजे, माझ्याकडे त्या महिन्यातल्या लग्नांचा एकही फोटो नाही. फोटो काढणं हा माझा धंदा, त्या महिन्यात मी हजारावर क्लिक मारले असतील, पण मला दाखवायला एक नाही.

त्याचं कारण सांगायला हवं. खाडीपलीकडच्या मुसलमान घरांमध्ये लग्न असलं की बायकांच्या बाजूचे फोटो बाईनेच काढायचे. या भागात असं काम करणाऱ्या आम्ही अगदी मोजक्या, म्हणून मला बोलावणी येतात. आणि या कामाची एक रीत आहे. कोणी लिहून ठेवलेली नाही, पण मोडतही नाही. कार्यक्रम संपला की कॅमेऱ्यातलं मेमरी कार्ड काढायचं आणि नवरीच्या आईच्या हातावर ठेवायचं. आपल्याकडे प्रत ठेवायची नाही. प्रिंट हव्या असल्या की घरातली बाई कार्ड घेऊन स्टुडिओत येते, माझ्या शेजारी स्टूल घेऊन बसते आणि प्रिंट निघाल्या की कार्ड परत रुमालात बांधते. एखादी प्रिंट बिघडली तर ती तिच्यासमोर फाडायची. सुरुवातीला मला हे जरा अपमानाचं वाटायचं. माझा काय भरवसा नाही का? नंतर लक्षात आलं, भरवसा नसता तर मला आत घेतलंच नसतं. आता मला या रीतीचं कौतुकच वाटतं, कारण माझ्या कपाटात दुसऱ्यांची आयुष्यं साठून राहत नाहीत.

त्या वर्षी एप्रिलच्या अखेरीस हमीदाआपा स्टुडिओत आल्या. पूर्णगडच्या अलीकडे त्यांचं गाव. त्यांच्या नवऱ्याला, इक्बालभाईंना, मी पंचवीस वर्षं ओळखते, पण पाच-पाच वर्षांच्या अंतराने आणि फक्त खांद्यापासून वर. दर खेपेला पासपोर्टच्या नाहीतर व्हिसाच्या फोटोसाठी यायचे, दर खेपेला केस थोडे कमी. हमीदाआपा मात्र पहिल्यांदाच एकट्या आल्या होत्या. दाराशी क्षणभर थांबल्या, चौकटीला हात लावला, मग आत आल्या आणि वाटेतल्या स्टुलाला अडखळल्या. स्टूल चांगलं लाल रंगाचं, पण त्यांना दिसलं नव्हतं.

"शुभाबाय, नाझूचं लगीन ठरलंय. तुझी तारीख हवी," त्या म्हणाल्या.

तारीख मी लिहून घेतली. नाझू म्हणजे नाझनीन, त्यांची एकुलती एक मुलगी. मग आपा म्हणाल्या, "एक गोष्ट हाय. फ्लॅश मारायचा नाय."

मी म्हटलं, "आपा, तुमचं माजघर अंधारं असणार. भर दुपारीसुद्धा दिवा लावावा लागत असेल."

"लागतो. तरी नाय मारायचा."

मग त्यांनी सांगितलं. डोळ्यांत काचबिंदू. कळायला उशीर झाला. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की गेलेली नजर परत येत नाही, उरलेली टिकवायची. थेंब चालू होते. नजर गेली ती मधली नव्हे, कडेची. सगळ्या बाजूंनी आत आत येत चाललेली.

"नलीतून बघितल्यावानी दिसतं गो. समोर ठेवशील ता दिसल, बाजूचं नाय. आजपण सुईत दोरा ओवतंय मी, पण शेजारचा तांब्या लवंडतंय. घरात सगली हसतात." त्याही हसल्या. मग हसणं थांबवून म्हणाल्या, "तुझा फ्लॅश डोल्यावर आला काय पुढची दोन मिनिटं माझी गेली. त्या दोन मिनिटांत पोरीनं काय केलंन ता मना कोण सांगल?"

मी म्हटलं, "नाही मारणार फ्लॅश." आणि त्या गेल्यावर डोक्याला हात लावून बसले.

माझ्याकडे तेव्हा कॅमेऱ्याबरोबर मिळालेली झूम लेन्सच होती. उघड्यावर ती बरी चालते, पण अंधाऱ्या खोलीत तिला उजेड पुरत नाही. फोटो एकतर काळे येतात नाहीतर हललेले. फ्लॅश नको असेल तर मोठ्या तोंडाची लेन्स हवी, भरपूर उजेड आत घेणारी. ती आपल्याला परवडेल अशी म्हणजे प्राइम. हिला झूम नसतो. ती जेवढं दाखवते तेवढंच दाखवते. जास्त हवं असेल तर आपण मागे जायचं, जवळचं हवं असेल तर पुढे. लेन्सची कामं पायांनी करायची. वडिलांच्या जुन्या रोलच्या कॅमेऱ्याला अशीच एक पन्नासची लेन्स होती. तिला प्राइम म्हणतात हे त्यांना शेवटपर्यंत माहीत नव्हतं, कारण त्यांच्याकडे दुसरी नव्हतीच. ते आयुष्यभर पुढे-मागे होत राहिले. गिऱ्हाईक हलायचं नाही, वडील हलायचे.

आता पस्तीस की पन्नास? कोल्हापूरच्या दुकानदाराला फोन केला तर तो म्हणाला, "ताई, सगळे पन्नासच घेतात." सगळे घेतात म्हटलं की माझ्या अंगात एक उलटी वाट धरण्याची खोड आहे. म्हणून मी एक युक्ती केली, जी मी सायलीलाही सांगणार आहे. झूम लेन्सची रिंग पस्तीसवर आणली आणि वर चिकटपट्टी मारली. आठवडाभर तसेच फोटो काढले. पुढचा आठवडा पट्टी पन्नासवर.

ते दोन आठवडे फार मजेत गेले. सकाळी दुकान उघडण्याआधी मी मांडवीच्या जेट्टीवर जायची. पस्तीसने काढलं की कोळंबी सोलणारी बाई, तिची पाटी, तिच्याशी हुज्जत घालणारं गिऱ्हाईक आणि मागचं मांजर, सगळं एकात यायचं. पन्नासने काढलं की नुसती बाई यायची, किंवा नुसतं मांजर. माझ्या कॅमेऱ्याचा सेन्सर लहान, त्यामुळे त्यावर पन्नासची लेन्स वडिलांच्या कॅमेऱ्यावरच्या पाऊणशेइतकी जवळ ओढून दाखवते. म्हणजे वडिलांचा पन्नास आणि माझा पन्नास एक नव्हे. जेट्टीवरची सुरय्या नावाची कोळंबीवाली एकदा वैतागून म्हणाली, "अगो, ही रोज येती नि मागं मागं जाती. पडशील ना पाण्यात!" खरंच एकदा टाच कठड्याच्या बाहेर गेली होती.

दोन आठवड्यांचा निकाल स्वच्छ होता. लहान खोल्यांसाठी पस्तीस. हे मी वहीत लिहिलंसुद्धा. आपांच्या घरी जाऊन माजघर पावलांनी मोजून आले होते: अकरा पावलं बाय नऊ, त्यात एक लोखंडी कपाट आणि नवरीला बसवायचा पलंग. एवढ्या जागेत पन्नासने दोन बायकांच्यावर तिसरी मावणार नव्हती.

आणि तरीही मी पन्नास मागवली.

का मागवली ते आज सांगताना मला माझाच राग येतो. मनात एक हिशेब बसला होता: आपांना कमी दिसतं, कमी दिसणाऱ्याला मोठं दाखवावं. वडील गेले त्या वर्षी त्यांना मोतीबिंदूने वाचता येईना, तेव्हा मी त्यांना मोठ्या अक्षरांत चिठ्ठ्या लिहून ठेवायची. तेच माझ्या हातात बसलेलं. नाझूचा चेहरा जवळून, मोठा, पापणीन् पापणी दिसेल असा काढायचा आणि मोठी प्रिंट करून आपांना द्यायची, माझ्याकडून. त्यासाठी पन्नासच हवी. आपांनी सुई आणि तांब्याचं मला नीट सांगितलं होतं, पण मी ते ऐकून हसले होते, समजून घेतलं नव्हतं.

लेन्स आली. लहानशी, हलकी, मुठीत मावणारी. इथल्या दमट हवेत लेन्सला बुरशी धरते म्हणून आम्ही घट्ट झाकणाच्या डब्यात कोरड्या पुड्या टाकून ठेवतो. माझ्या डब्यावर पूर्वी ‘मेतकूट’ असं लिहिलेलं होतं आणि ते मी अजून पुसलेलं नाही. तर मेतकुटाच्या डब्यात लेन्स घेऊन मी भाट्याचा पूल ओलांडून लग्नाला गेले.

त्या घरातला उजेड मला अजून आठवतो. लाल चिऱ्याच्या भिंती, गेरूचा रंग, एक उंच लहानशी खिडकी. खिडकीतून पडलेला उजेड पलंगाच्या कडेवर थांबत होता, पुढे येत नव्हता. आत बायका, मुली, अत्तर, मेंदी, स्वयंपाकघरातून सांदणांचा वास. कोपऱ्यात कोणीतरी ढोलकी घेऊन बसलेली आणि तिच्याभोवती गाणाऱ्या चार म्हाताऱ्या, ज्यांचे आवाज जुळत नव्हते आणि त्याची त्यांना फिकीर नव्हती. मधोमध नाझू. तिच्यासमोर, बरोबर हातभर अंतरावर, हमीदाआपा. त्या दिवसभर त्या जागेवरून हलल्या नाहीत. कोणी पाया पडायला आलं तरी त्यांची मान वळायची नाही. एकदा एक नातेवाईक बाई तोंड वाकडं करून म्हणाली, "आज आपाला गर्व आलाय, बघत पण नाय." मला तिला सांगावंसं वाटलं, पण माझ्या हातात कॅमेरा होता.

लेन्सने कमाल केली. त्या तेवढ्याशा उजेडात नाझूचा चेहरा असा आला की मीच बघत राहिले. डोळे धारदार, कानाचे झुमके मऊ होऊन मागे गेलेले. पाच-पन्नास चेहरे काढले असतील. मी खूष.

मग आपा म्हणाल्या, "शुभाबाय, आता सगल्यांचा एक काढ. सगल्या जणींचा."

पलंगाभोवती सगळ्या जमल्या. मी मागे गेले. पाठ कपाटाला लागली. कॅमेऱ्यात नाझू आणि अडीच बायका. कोपऱ्यात गेले, साडेतीन. पलंगावर उभी राहू का म्हटलं तर सगळ्या ओरडल्या. झूम लेन्स लावून बघितली, पण त्या उजेडात सगळ्या काळ्या. वहीत लिहिलेलं ‘लहान खोल्यांसाठी पस्तीस’ डोळ्यांसमोर दिसत होतं. सगळ्या वाट बघत होत्या, आणि आपा समोर बघत होत्या, नाझूकडे, स्थिर.

माझ्या पाठीमागे, कपाटाच्या बाजूला, एक बंद दार होतं. मागच्या पडवीचं.

"हे उघडायचं?" मी विचारलं.

खोलीत कुजबुज झाली. मागे आवारात आचाऱ्यांची माणसं होती. दार उघडलं तर बायका दिसणार. कोणीतरी नको म्हणालं. आपा वळल्या नाहीत, पण आवाज चढवून म्हणाल्या, "उघड. फुफी, तू जा नि उभी रहा. माणसांना सांग, पलीकडं तोंड करून बसा."

फुफी म्हणजे इक्बालभाईंची आत्या, चांगली ऐंशीच्या पुढची. तिने कोपऱ्यातला खराटा उचलला आणि पडवीतून आवारात गेली. आचारी, त्यांचे मदतनीस, एक देग घासणारा, सगळ्यांनी निमूट पाठी फिरवल्या. फुफी खराटा घेऊन त्यांच्यामागे उभी राहिली. आणि मी उलट्या पावलांनी मागे निघाले. उंबरठा, पडवी, दोन पायऱ्या, मग आवार. कपडे धुवायचा दगड पिंडरीला लागला तेव्हा कुठे सगळ्या जणी फ्रेममध्ये आल्या. दार उघडल्यामुळे बाहेरचा मेमधला उजेड एकदम आत गेला होता आणि खोली भरून गेली होती. चौकटीच्या आत, लांब, लहान लहान, अकरा जणी. अकरावी पाठमोरी होती. मी ओरडले, "आपा, इकडे बघा ना!"

"मी बघतंय ता बघतंय. तू काढ," आपा म्हणाल्या.

मी काढला. फुफीने खराटा खाली ठेवला. कार्ड मी संध्याकाळी आपांच्या हातावर ठेवलं आणि त्यांनी ते ओढणीच्या टोकात बांधलं.

आठवड्याने त्या प्रिंट करायला आल्या. नाझू सासरी गेली होती, तिथून तिच्या नवऱ्याबरोबर दोहाला जाणार होती. मी आधीच ठरवलेलं. नाझूचा सगळ्यात सुंदर चेहरा निवडला आणि आठ बाय बाराची प्रिंट काढली, मोठ्या कागदावर. आपांच्या हातात दिली आणि त्यांच्या तोंडाकडे बघत उभी राहिले.

त्यांनी प्रिंट डोळ्यांसमोर धरली. मग डावीकडे सरकवली. मग उजवीकडे. मग वर. नाकाने कागद हुंगत असल्यासारखी त्यांची मान प्रिंटवरून फिरत होती.

"हा डोला," त्या म्हणाल्या. "ही नथ. हा... ओठ काय?" मग कागद खाली ठेवला. "चांगला हाय गो. चांगला काढलास." त्या मला बरं वाटावं म्हणून बोलत होत्या हे कोणालाही कळलं असतं.

सुई आणि तांब्या तेव्हा माझ्या लक्षात आले. लांबून बघ म्हणावं, तर हात लांब करून किती करणार? मी त्यांची मुलगी तुकड्या-तुकड्यांनी कागदावर पसरून त्यांच्यासमोर ठेवली होती. एवढ्या हौसेने, एवढी मोठी.

टेबलावर सकाळच्या गिऱ्हाइकाची पासपोर्ट फोटोंची शीट पडली होती, आठ फोटोंची, कापायची राहिलेली. आपांचा हात चाचपडत तिच्यावर पडला. त्यांनी ती सहज उचलली आणि म्हणाल्या, "ही आमच्या बाजूच्या मोहल्ल्यातली सकिना ना? सगलं तोंड दिसतंय."

मी लगेच संगणकाकडे वळले. नाझूचा तोच चेहरा पासपोर्टच्या मापात बसवला. आयुष्यभर जे माप काढलं, झोपेतही काढीन, ते. शीट निघाली. एक फोटो कापला आणि आपांच्या बोटांत दिला.

या खेपेला त्यांची मान हलली नाही. कागद हलला नाही.

मग म्हणाल्या, "आणि तो मागच्या दारातला?"

"आपा, तो फार लांबून काढलाय. त्या मापात मुंग्या दिसतील."

"काढ तरी."

मी काढला. साडेतीन सेंटीमीटर रुंद, त्यात चौकट, त्यात खोली, त्यात बायका. आपांनी तो हातभर अंतरावर धरला, बरोबर त्या दिवशी नाझूपासून जेवढ्या लांब बसल्या होत्या तेवढ्याच. आणि मोजू लागल्या. एकीला साडीच्या रंगावरून ओळखलं, एकीला बसण्यावरून. "ही माझी भैन. ही ढोलकीवाली. ही मेली मधेच घुसली." दहा झाल्या. मग थांबल्या. "नि ही पाठमोरी कोण?"

"तुम्ही."

"अगो बाय," त्या म्हणाल्या आणि हसल्या, आणि हसता हसता ओढणीने डोळे पुसले. "त्या दिवशी मना नाझूच दिसली. बाकीच्या होत्या ता आज दिसलं."

आठ बाय बाराची ती मोठी प्रिंट त्यांनी माझ्याकडेच ठेवायला दिली. मी रीतीप्रमाणे त्यांच्यासमोर फाडली. फाडताना वाईट वाटलं नाही असं म्हटलं तर खोटं होईल. चांगला फोटो होता.

त्यानंतरही मी ती पन्नासची लेन्स वापरत राहिले. पस्तीसही घेतली. लेन्सच्या बाबतीत जे सगळे सांगतात ते सगळं खरंच असतं: पन्नासने चेहरे सुंदर येतात, पस्तीसने घर येतं. मी स्वतः आता लग्नाला जाताना पस्तीस लावून जाते. पण कुठलीही लावली तरी घरात शिरल्यावर पहिल्यांदा बघते की मागचं दार कुठे आहे. आणि फोटो काढायला लावणाऱ्या बाईला विचारते, हा कोण बघणार, कसा बघणार? बहुतेकींना हा प्रश्न खुळचट वाटतो. त्या म्हणतात, सगळेच बघणार की.

सायलीला मी हेच लिहिणार होते. चिकटपट्टीची युक्ती, मग कोण बघणार हा प्रश्न, मग खाली मोठ्या अक्षरात पस्तीस. मजकूर अर्धा टाइप करून ठेवला होता. पण काल सकाळी स्टुडिओ उघडला आणि पहिलंच गिऱ्हाईक इक्बालभाई. बरोबर हमीदाआपा, त्यांच्या कोपराला धरून. इक्बालभाई आता कायमचे परत आलेत. केस उरलेले नाहीत, त्यामुळे कान मोकळे.

"हिचा काढायचाय. पासपोर्टचा," ते म्हणाले. "नाझूला दिवस गेलेत. दोहाला नेतोय हिला."

मी आपांना स्टुलावर बसवलं. या खेपेला स्टूल त्यांना सापडलंच नाही, मी हाताला धरून नेलं. रुमाल दिला. ओढणी मागे घेतली. समोर बघा म्हटलं. त्यांनी समोर बघितलं, म्हणजे समोर जेवढं होतं तेवढं. फ्लॅश मारला नाही. दाराचा पडदा सारला, उजेड आत घेतला आणि पस्तीस काढून पन्नास लावली, चेहऱ्यासाठी.

फोटो झाल्यावर त्यांनी पिशवीतून रुमाल काढला. रुमालात ते कार्ड. आणि चार वर्षं हाताळून कडा मऊ पडलेला तो मागच्या दारातला फोटो.

"बाय, हा आता मना मोठा पडतो. टेबलावर ठेवला नि लांब सरकलंय तरी कडेच्या दोघी जातात. हात तर पुरतच नाय. जरा बारीक करून दे."

इक्बालभाई दाराबाहेर बघायला लागले.

मी कार्ड घातलं, तो फोटो शोधला आणि पासपोर्टच्या निम्म्या मापाचा केला, पोस्टाच्या तिकिटाएवढा. छापायला वेळ लागत नाही. प्रिंटर घरघरला तेवढ्यात, काहीतरी बोलायचं म्हणून, मी विचारलं, "म्हणजे नाझूला आता किती वर्षांनी बघणार तुम्ही?"

"तिला हात लावून बघीन," आपा म्हणाल्या. मग तो तिकिटाएवढा कागद डोळ्यांसमोर धरून, त्यातल्या अकरा जणी मोजून झाल्यावर, माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "पोराचं तोंड लहानच असतं गो. मावेल."